बर्फाचा रस्ता आणि मागून ढकलणारी चाके

जर्मनीत ऑक्टोबर महिना उजाडला की मोटारींच्या गॅरेजांपुढे रांगा लागतात. येथे एक सोपे सूत्र लहान मुलांनाही ठाऊक असते. 'फॉन ओ बिस ओ', म्हणजे 'ओ'पासून 'ओ'पर्यंत. पहिला 'ओ' ऑक्टोबरचा आणि दुसरा 'ओस्टर्न'चा, म्हणजे ईस्टरचा. एवढे सहा महिने गाडीला हिवाळी टायर असावेत, असा हा संकेत आहे. पुण्या-मुंबईहून श्टुटगार्ट किंवा म्युनिक येथे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला त्याचे महत्त्व पहिल्या बर्फापर्यंत पटत नाही. चांगल्या नक्षीचे, जेमतेम वर्षभर वापरलेले चार टायर काढून ठेवायचे आणि आणखी चार विकत घ्यायचे, हा त्याला उधळपट्टीचा प्रकार वाटतो. त्यातून त्याने हौसेने जुनी बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज घेतलेली असली, तर कोणी तरी त्याला हटकून सांगतो, की ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, बर्फात हिचा काही उपयोग नाही. या इशाऱ्यात थोडे तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्ती.

प्रथम टायरचा विचार करू, कारण खरा निकाल तेथेच लागतो. टायरचे रबर हे एकाच पदार्थाचे नसते. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या डांबरावर टिकाव धरावा अशा बेताने केलेले असते. पारा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की ते ताठर होऊ लागते आणि शून्याखाली तर त्याची अवस्था जवळजवळ कडक प्लॅस्टिकसारखी होते. रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाला धरून ठेवण्यासाठी रबराने त्यात थोडे रुतावे लागते, ते रुततच नाही. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबराचे आणि सिलिकाचे प्रमाण अशा रीतीने योजतात की कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहते. ७ अंश ही काही दगडावरची रेघ नव्हे, ती व्यवहारातील खूण आहे. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. हिवाळी टायर हा केवळ बर्फासाठी नसतो, तो थंडीसाठी असतो.

दुसरा भाग नक्षीचा. हिवाळी टायर हातात घेऊन पाहिला तर मोठ्या खाचांच्या मधल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य नागमोडी चिरा दिसतात. चाक फिरताना या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावा घेतात. मोठ्या खाचांचे काम तर मोठे गमतीचे आहे. त्यांत बर्फ भरून बसतो आणि तो तसा बसावा अशीच अपेक्षा असते. मुठीत दाबलेला भुसभुशीत बर्फ घट्ट गोळा होतो, तो बर्फ बर्फाला धरतो म्हणूनच. खाचेतला दाबलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला तसाच धरतो आणि चाकाला पकड मिळते. खाच उथळ झाली की हा सारा खेळ संपतो. म्हणूनच कायदेशीर किमान खोली जर्मनीत १.६ मिलिमीटर असली, तरी जाणकार ४ मिलिमीटरला टायर बदलतात. शेजारच्या ऑस्ट्रियात तर ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा टायर हिवाळी म्हणून गणलाच जात नाही.

या टायरांचा जन्म फिनलंडमधला. आज नोकियान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास बर्फाचा टायर काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी. पुढे लोखंडी खिळे ठोकलेले टायर आले. ते बर्फाच्या काचेवर उत्तम चालत; पण रस्ता कोरडा असला की डांबर उकरून काढत. जपानच्या उत्तर भागातील शहरांत त्या धुळीने लोक इतके हैराण झाले की १९९० मध्ये तेथे खिळ्यांच्या टायरांवर कायद्यानेच बंधन आणले. बिनखिळ्यांच्या मऊ रबराच्या टायरांची जी प्रगती आज दिसते, तिला या कायद्याने मोठाच रेटा दिला.

जर्मनीतील कायदा तारखा सांगत नाही, परिस्थिती सांगतो. २००६ मध्ये 'हवामानाला योग्य असे टायर' एवढेच मोघम म्हटले होते. २०१० मध्ये ते स्पष्ट करण्यात आले. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेले पाणी किंवा दहिवर असेल तर हिवाळी टायरांवाचून गाडी चालवता येत नाही. टायरच्या बाजूस तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह हवे. केवळ 'एम' आणि 'एस' ही अक्षरे असलेल्या जुन्या टायरांना दिलेली सवलत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. हे फारसे नाही. पण उन्हाळी टायरांनी बर्फात अपघात केला तर विमा कंपनी निष्काळजीपणावर बोट ठेवून स्वतःच्या गाडीच्या भरपाईला कात्री लावू शकते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने मात्र २००८ पासून तारखांचाच मार्ग पत्करला. तेथे सध्या १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, मग बाहेर बर्फ असो वा नसो. मला क्वेबेकची रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण बर्फ पडेल की नाही याचा अंदाज बांधीत बसणाऱ्या माणसाला तो नेमका कामावरून परतताना गाठतो.

आता थोडे गणित. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ असतो. चाकाखाली दबलेल्या बर्फावर हिवाळी टायरला तो सुमारे ०.३ मिळतो, उन्हाळी टायरला त्याच्या जवळपास निम्मा, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर कोणत्याही टायरला ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचा प्रवास या हिशेबाने कोरड्या रस्त्यावर १२ मीटर, बर्फावर हिवाळी टायरांनी ३३ मीटर आणि उन्हाळी टायरांनी ६६ मीटर होतो. गोठलेल्या थरावर जवळजवळ १०० मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १४ मीटर यात धरलेले नाहीत. हेच दुसऱ्या बाजूने पाहा. हिवाळी टायरांची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागेवरून उन्हाळी टायरांची गाडी अजून ताशी ३५ किलोमीटरने पुढे जात असते. समोर शाळेतून घरी निघालेले मूल असेल तर फरक केवढा पडेल, हे सांगावयास नको.

या गणितात गाडी कोणत्या चाकांवर चालते याचा उल्लेखही नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. थांबण्याचे काम चारही चाके करतात. चारही चाकांना शक्ती मिळणारी महागडी गाडी बर्फातून दिमाखात निघते. पण थांबताना तिला कसलीही सवलत नसते. आल्प्सच्या रस्त्यांकडेला चरात उतरलेल्या गाड्यांत अशा गाड्यांचीही हजेरी असते, ती यामुळेच.

मग मागची आणि पुढची चाके यांत फरक आहे तो कोठे? आपल्याकडच्या जुन्या पिढीने मागच्या चाकांच्याच गाड्या चालविल्या. अँबॅसेडर तशीच होती आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनीही. इंजिन पुढे, त्यातून निघालेला लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या चाकांना फिरवितो. गाडी मागून ढकलली जाते. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी घरोघरी पोहोचली. ओढणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे ओझे शक्ती लावणाऱ्या चाकांवरच असते; एकूण वजनाचा साधारण ६० टक्के भाग त्यांच्यावर येतो. ढकलणाऱ्या गाडीत हा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. घर्षण हे दाबावर अवलंबून असल्याने निसरड्या जागेवरून निघताना ओढणारी गाडी सरस ठरते, हे खरे.

पण किती सरस? श्टुटगार्ट शहर एका खोलगट खोऱ्यात वसलेले आहे आणि वस्त्या भोवतालच्या टेकड्यांवर चढलेल्या आहेत. डेगरलोखच्या चढावर तर १८८४ पासून दातेरी रुळांची रेल्वे धावते, यावरून चढांची कल्पना यावी. ०.१५ गुणांकाच्या उन्हाळी टायरांवर, निम्मे वजन मागच्या चाकांवर असलेली गाडी फार तर साडेसात टक्क्यांचा चढ चढेल, म्हणजे १०० मीटर अंतरात साडेसात मीटर उंची. साठ टक्के वजनाची ओढणारी गाडी त्याच टायरांवर ९ टक्क्यांपर्यंत जाईल. आणि ढकलणाऱ्या गाडीला हिवाळी टायर घातले की? थेट १५ टक्के. चढावर वजन मागे झुकते, त्याचा लाभ ढकलणाऱ्या गाडीला थोडा अधिकच मिळतो. सारांश, हिवाळी टायरांची मागच्या चाकांवरची गाडी ही उन्हाळी टायरांच्या पुढच्या चाकांवरच्या गाडीपेक्षा बर्फात कितीतरी भरवशाची होय.

डिकीत वाळूची पोती टाकण्याचा जुना उपाय अमेरिकेत आजही सांगितला जातो. १५०० किलोच्या गाडीत मागच्या आसावर ५० किलोचे पोते ठेवले तर मागचा वाटा ५० टक्क्यांवरून साधारण साडेएक्कावन्न टक्के होतो. यासाठी एवढा उपद्व्याप करावा असे वाटत नाही. रिकाम्या मालवाहू पिकअपची गोष्ट वेगळी, तिचा मागचा भाग मुळात हलका असतो. पोते ठेवायचेच तर ते आसाच्या वर, घट्ट बांधून ठेवावे. डिकीच्या अगदी टोकाला ठेवले तर पुढची चाके हलकी होतात आणि घसरताना शेपूट अधिक जोराने फिरते. वाळूचा खरा उपयोग निराळाच आहे, फसलेल्या चाकाखाली टाकण्याचा.

फोक्सवॅगनची जुनी बीटल गाडी बर्फात नावाजली जाई, ती इंजिनच मागच्या चाकांवर बसविलेले असल्यामुळे. बर्फ उपसणाऱ्या यंत्राचा चालक सकाळी त्या यंत्रापर्यंत पोहोचतो कसा, तर बीटलने, अशी तिची १९६४ मधील अमेरिकन दूरचित्रवाणीवरील जाहिरात गाजली होती.

खर्च वाचविण्यासाठी दोनच हिवाळी टायर घेण्याचा मोह अनेकांना होतो. पूर्वी मागच्या चाकांच्या गाड्यांना मागे दोनच बर्फाचे टायर घालण्याची पद्धत होतीच. तसे केल्यास गाडी निघते झकास. पण पुढचे उन्हाळी टायर वळणावर वळतच नाहीत आणि गाडी सरळ समोरच्या कठड्याकडे जाते. उलट पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी टायर असले तर पुढचा भाग वळतो आणि मागचा भाग त्याला सोडून निघतो, गाडी भोवऱ्यासारखी फिरते. दोहोंत दुसरा प्रकार अधिक घातक. तेव्हा टायर घ्यायचे तर चार, अन्यथा गाडी घरी ठेवून ट्रामने जावे. काटकसर करावयाचीच असेल तर आकारात करता येते. गाडीच्या कागदपत्रांत मंजूर असलेल्यांपैकी सर्वांत अरुंद टायर निवडावा. तो स्वस्त असतो आणि बर्फात रुतून खालचा टणक थर लवकर गाठतो. हवा मात्र थंडीत तपासावी. तापमान १० अंशांनी उतरले की दाब सुमारे ०.१ बारने घटतो.

आता चालविण्याविषयी. टायरची पकड ही ठरावीक रकमेची थैली समजावी. ब्रेक, वळण आणि वेग वाढविणे हे तिन्ही खर्च त्याच थैलीतून होतात. कोरड्या रस्त्यावर थैली एवढी भरलेली असते की हिशेबाची गरज पडत नाही. बर्फात ती पाव-तृतीयांश उरते, आणि तिन्ही कामे एकाच वेळी सांगणारा चालक दिवाळखोर होतो. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवावा, वळणात पाय हलका ठेवावा आणि गाडी पुन्हा सरळ होऊ लागल्यावरच ॲक्सिलरेटर दाबावा. ढकलणाऱ्या गाडीत वळणाचे काम पुढच्या चाकांकडे आणि ढकलण्याचे मागच्यांकडे, अशी विभागणी असल्याने तिचे स्टिअरिंग हाताला अधिक प्रामाणिकपणे रस्ता सांगते. सराव झालेल्यांना ती बर्फात आवडते याचे कारण हेच.

निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर आणि क्लच सावकाश. ऑटोमॅटिक गाडीत हिवाळ्याचे बटण असेल तर तेही हेच करते. चढाला लागण्यापूर्वी पुढच्या गाडीला माथ्यापर्यंत जाऊ द्यावे, कारण मध्ये थांबलेली गाडी पुन्हा निघेलच असे नाही. चाक गरगर फिरू लागले की पाय उचलावा. फिरणारे चाक खालचा बर्फ घासून गुळगुळीत करते आणि स्वतःचीच कबर खणते.

उतारावरचा धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, ही आपल्याकडची शिकवण खंबाटकीत किंवा बोरघाटात योग्यच आहे. पण ढकलणाऱ्या गाडीत इंजिनचा हा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो. बर्फाच्या उतारावर कोणी धसक्याने गिअर खाली टाकून क्लच सोडला, तर परिणाम हँडब्रेक ओढल्यासारखा होतो आणि मागचा भाग आडवा येतो. खालचा गिअर उताराच्या आधीच, सपाटीवर टाकून ठेवावा. उतारावर मध्येच टाकावा लागलाच, तर इंजिनचा वेग किंचित वाढवून क्लच अलगद सोडावा. वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटक्याने उचलणेही तेवढेच वाईट.

एवढे करूनही मागचा भाग निसटला तर? डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे निघाले तर स्टिअरिंगही उजवीकडेच, म्हणजे शेपूट जाईल त्याच बाजूला फिरवावे. क्लच दाबावा, आणि नजर झाडावर किंवा खांबावर न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवावी. हात नजरेमागे जातात. गाडी सावरू लागताच स्टिअरिंग तितक्याच तत्परतेने सरळ करावे. नवशिक्याचा घात येथे होतो. तो पहिली घसर वाचवितो, चाके वळलेलीच ठेवतो, आणि शेपूट लोलकासारखे दुप्पट जोराने दुसरीकडे जाते. हे वाचून येत नाही. एडीएसी ही येथील मोटारचालकांची मोठी संघटना ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर याचे प्रशिक्षण देते. त्यातील एक दिवस नव्या अलॉय चाकांपेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

आजच्या गाड्यांत यातील बरेचसे काम इलेक्ट्रॉनिक्स करते. गाडीचा तोल सांभाळणारी प्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजने बॉशच्या साह्याने प्रथम आणली आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. निसटणारी गाडी ओळखून एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणे आणि इंजिनची शक्ती कमी करणे, हे ती डोळ्याची पापणी लवण्याआधी करते. मागच्या चाकांच्या गाडीची जुनी बदनामी पुसली गेली, त्यात टायरांखालोखाल वाटा हिचाच. तरीही ती रबराला नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. खोल बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना मात्र शक्ती रोखणारा तिचा भाग क्षणभर बंद करावा लागतो, नाही तर चाक फिरतच नाही. बाहेर आल्यावर तो आठवणीने चालू करावा.

विजेच्या गाड्यांनी मागच्या चाकांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. फोक्सवॅगनची आयडी ३ आणि टेस्लाच्या स्वस्त आवृत्त्या मागूनच ढकलल्या जातात. विजेची मोटर इंजिनपेक्षा फार लवकर शक्ती आवरते, त्यामुळे त्या शांतपणे निघतात. त्यांच्यातही पाय उचलताच मोटर मागच्या चाकांना रोखून बॅटरी भरू लागते, आणि वर सांगितलेली उताराची गोष्ट पुन्हा लागू होते. निसरड्यावर हा रोध सौम्य करून ठेवावा.

गाडी वादळात अडकली तर काय करावे, हेही आधी ठरलेले असावे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे गेली, त्यांतील कित्येक विषारी वायूने. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले आणि हीटरसाठी इंजिन चालू राहिले, की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वासही नसतो. इंजिन सलग चालू ठेवू नये, अधूनमधून खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. डिकीत फावडे, घोंगडी, पाणी आणि खाणे असावे.

आणि हे केवळ परदेशस्थांसाठी नाही. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीपलीकडच्या बर्फात महाराष्ट्रातील कुटुंबे हौसेने जातात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. तेथे भाड्याने मिळणारी इनोव्हा क्रिस्टा ही मागच्या चाकांवरचीच गाडी. तिला साखळ्या बांधायच्या त्या मागच्या चाकांना. पुढे बांधल्या तर गाडी जागची हलणारच नाही. साखळ्या घातल्यावर वेग ताशी ५० च्या वर नेऊ नये, आणि रस्ता कोरडा लागताच त्या काढाव्यात. निघण्यापूर्वी चालकाला टायर कोणते आहेत हे जरूर विचारावे. ते गोटा झालेले असतील तर गाडी बदलून मागावी किंवा रोहतांगकडे तोंड न करता मनालीतच चहा घ्यावा.